सहाशे पानांचा अंदाज

लोकांना जेवताना पाहिलं की माणूसजातीबद्दल फारसा आदर उरत नाही, असं वहिनींचं मत होतं. हे मत त्यांनी सव्वीस वर्षं लग्नं, वाढदिवस, निवृत्तीचे समारंभ आणि कंपन्यांच्या मेजवान्या घालून कमावलं होतं. हॉलच्या कोपऱ्यात पडद्याला एक बोटभर फट ठेवलेली असे. त्या फटीतून त्या ताटं बघत. चेहरे बघायची त्यांना गरज वाटत नसे. गोडाचे आठ तुकडे घेऊन सहा टाकणारा, तो नवऱ्या मुलाचा काका. भाताला नाक मुरडून फक्त तळलेलं उचलणारी, तिला आईनं वेळेवर दोन धपाटे दिलेले नाहीत. कागदी रुमालात चार कटलेट गुंडाळून पर्समध्ये सरकवणाऱ्या, त्या मुख्याध्यापिका. आणि सगळ्यात शेवटी येऊन "आम्ही काही फार खात नाही हो" असं म्हणत तिसऱ्यांदा आइस्क्रीम घेणारे, ते डॉक्टर.

वहिनी म्हणजे कुणाच्या सख्ख्या वहिनी नव्हेत. हॉलच्या पाटीवर नाव नवऱ्याचं, त्याला सगळे मालक म्हणत, म्हणून ह्या वहिनी. मालकांचं काम कोट घालून दारात उभं राहणं आणि येणाऱ्याला "या, या" करणं. ते त्यांना छान जमायचं, कारण त्यात चुकण्यासारखं काही नव्हतं. बाकी बाजार, चुली, गॅस, आचारी, वाढपी आणि भांडी हे सगळं वहिनींच्या अंगावर. आणि अंदाज. अंदाज तर फक्त वहिनींचाच.

ह्या धंद्यात अंदाज म्हणजे सगळं काही. यजमान म्हणतो, सहाशे माणसं. तो आपल्या हौसेनं म्हणतो. वहिनींचा हिशेब ठरलेला होता: शंभर माणसांचं बोलावणं म्हणजे सत्तर पानं. येणारे घरून थोडं खाऊन येतात, अर्धे लोक दुसरीकडचं एक लग्न उरकून आलेले असतात, बायकांना साडीची काळजी आणि पुरुषांना पोटाची. वाढप्यानं पहिली पळी वाढली की ताटावर हात आडवा येतो आणि माणूस म्हणतो, "बास." सव्वीस वर्षांत वहिनींचं अन्न कधी कमी पडलं नाही आणि भांड्यांत कधी वाटीभरही उरलं नाही. दुसरे केटरर त्यांच्याकडे अंदाज विचारायला यायचे आणि वहिनी त्यांना चुकीचा सांगायच्या.

मग ती साथ आली.

सुरुवातीला लोकांनी लग्नं पंधरा दिवस पुढं ढकलली, मग दोन महिने, मग फोन उचलणंच बंद केलं. रस्ते ओस पडले. हॉलसमोरच्या दुकानांची शटरं खाली आली आणि फुटपाथवर कुत्री ऐसपैस पसरायला लागली. वहिनींनी बावीस माणसांना अंगणात लांब लांब उभं केलं आणि म्हणाल्या, "घरी बसा. काम निघालं की बोलावीन." बोलावणार कधी, ते त्यांनाही माहीत नव्हतं आणि ऐकणाऱ्यांनाही कळलं होतं. तरी सगळ्यांनी मान हलवली, कारण मान हलवण्याशिवाय हातात होतं काय?

मालकांनी वरच्या खोलीचं दार लावून घेतलं ते लावूनच घेतलं. दिवसातून तीनदा ताप मोजायचा, दर वेळी साबणानं कोपरापर्यंत हात धुवायचे आणि फोनवरून जगाला धीर द्यायचा. दाराबाहेर एक स्टूल ठेवलं होतं. वहिनी त्यावर ताट ठेवायच्या, दार टकटकवायच्या आणि जिना उतरायच्या. त्या पार खाली पोचल्या की मगच दार उघडायचं. तीस वर्षं ज्या बाईच्या हातचं खाल्लं, तिचा श्वास आता ह्या गृहस्थाला चालत नव्हता. वहिनींना ह्याचं वाईट वाटायला हवं होतं. त्यांना हसू यायचं.

चौथ्या आठवड्यात अध्यक्ष आले. हे नागरिक मदत समितीचे अध्यक्ष. समिती त्यांनीच काढली होती, त्यामुळे अध्यक्ष कोण होणार ह्यावर फार चर्चा झाली नव्हती. एरवी त्यांचं फरशांचं दुकान. चेहऱ्यावर प्लास्टिकचा पारदर्शक पडदा, त्याच्या आत मास्क, मास्कवर समितीचं नाव आणि मागे कॅमेरा घेतलेला भाचा.

"वहिनी, लोक उपाशी आहेत," अध्यक्ष म्हणाले. ही बातमी आपणच शोधून काढल्यासारखा त्यांचा आवाज झाला होता. "बांधकामावरचे अडकलेत, दुकानांतली पोरं, हातावर पोट असलेली माणसं. आम्ही नावं लिहून घेतली, सहाशे भरली. धान्य समितीचं, भाजी समितीची, गॅस समितीचा. तुमची फक्त सेवा."

"फक्त सेवा" हे शब्द वहिनींनी नीट ऐकले. पण चुली गार पडून महिना झाला होता आणि बिनकामाचं घर त्यांना खायला उठलं होतं. त्या हो म्हणाल्या. भाच्यानं लगेच फोटो काढला.

त्यांनी चार माणसं बोलावली. चौघंही तरणेताठे. साठीच्या पुढचे वाढपी, भांडीवाल्या मावश्या ह्यांना बोलावलं नाही. "म्हाताऱ्या माणसांना धोका आहे, त्यांच्याच भल्यासाठी," असं त्यांनी सगळ्यांना सांगितलं आणि ते सांगायला सोपं होतं. म्हाताऱ्यांचं घरी कसं चाललंय, हा प्रश्न त्याच वाक्यात अलगद मिटून जायचा.

हॉलच्या दारापासून बंद सिनेमागृहाच्या कोपऱ्यापर्यंत रस्त्यावर चुन्याचे गोल काढले. एका गोलात एक माणूस. प्रत्येकानं आपलं भांडं आणायचं. भात, डाळ आणि एक भाजी. वहिनींनी हिशेब केला: सहाशेचं बोलावणं म्हणजे चारशे वीस पानं. त्याप्रमाणे तांदूळ धुवायला टाकले, झाकणं लावली आणि त्या पडद्याआडच्या आपल्या जागेवर जाऊन उभ्या राहिल्या. पडद्यापलीकडे आता कुणी जेवत नव्हतं, पण सव्वीस वर्षांची सवय.

तीनशे ऐंशीव्या माणसाशी पळी तळाला खरडली.

तो आवाज वहिनींनी आयुष्यात पहिल्यांदा ऐकला. उरलेले दोनशे वीस लोक आपापल्या गोलात उभे होते. कुणी आरडाओरडा केला नाही. अध्यक्षांनी त्यांना बिस्किटांचे पुडे वाटले आणि पुडे वाटतानाचा फोटो दोन वेळा काढून घेतला, कारण पहिल्यात त्यांचे डोळे मिटले होते.

दुसऱ्या दिवशी वहिनींनी पाचशेचं रांधलं, तेही मनाविरुद्ध. पुन्हा कमी पडलं. आता दुसरी एखादी बाई असती तर म्हणाली असती, आपलं माप चुकतंय. पण वहिनींचं माप कधी चुकलं नव्हतं, म्हणजे लोकच चुकत होते.

"दोनदा उभे राहतात मेले," त्या म्हणाल्या. "फुकटचं दिसलं की माणसाची लाज सुटते. मी काय आज बघतेय? कोटातली बघितलीयेत, ही तर काय!"

अध्यक्षांना हे फार पटलं. चोर सापडला तर समितीची शिस्त दिसते. त्यांनी निवडणुकीत वापरलेला भोंगा आणि माइक आणून दिला. वहिनींनी दारात उंच खुर्ची टाकली, माइक हातात घेतला आणि नियम जाहीर केला: एका माणसाला एकदाच, आणि ज्यानं त्यानं स्वतः उभं राहायचं. दुसऱ्याच्या नावानं मिळणार नाही. भोंगा सिनेमाच्या कोपऱ्यावर, विजेच्या खांबाला बांधला होता. वहिनींचा आवाज चार गल्ल्यांत गेला.

चौथ्या दिवशी त्यांना तो सापडला.

निळी टोपी, डोळ्यांपर्यंत चढवलेला मास्क. दीड तासापूर्वी स्टीलचा गोल डबा घेऊन गेलेला माणूस आता पितळी झाकणाचा डबा घेऊन पुन्हा रांगेत होता. टोपी तेवढी उलटी घातली होती. ह्या बावळट युक्तीचा वहिनींना जास्तच राग आला. फसवायचं तर नीट तरी फसवावं!

"ए टोपीवाल्या!" भोंगा गरजला. "तूच. इकडे बघ. दुसऱ्यांदा उभा राहतोस? मागे दोनशे माणसं उपाशी उभी आहेत, दिसत नाहीत तुला? चोर कुठला!"

सगळी रांग वळून बघायला लागली. ज्यांना आपला भात मिळाला होता तेही जाता जाता थांबले, कारण फुकट भातावर फुकट तमाशा कुणाला नको असतो? तो माणूस गोलातून बाहेर आला. त्याच्या डाव्या मनगटावर चौकोनी घडी केलेला पांढरा रुमाल होता. डबा त्यानं त्या रुमालावर पेलला होता. मग तोंड वहिनींकडेच ठेवून तो तीन पावलं मागे सरकला आणि त्यानंतर वळला.

वाढपी जेवणाऱ्यांकडे कधी पाठ करत नाही. तीन पावलं मागे, मग वळायचं. हा नियम वहिनींनीच घालून दिला होता आणि त्यांच्या बावीस माणसांत तो न चुकता पाळणारा एकच होता.

सावकाशमामा.

त्यांचं खरं नाव हजेरीच्या वहीत असेल. वीस वर्षं ते प्रत्येक ताटापाशी वाकून "सावकाश होऊ द्या" म्हणत आले, म्हणून सगळ्यांचे ते सावकाशमामा. राष्ट्रपती जेवायला बसले असते तरी ते तेवढंच वाकले असते आणि गाडीचा ड्रायव्हर बसला तरी तेवढंच वाकायचे. वहिनी त्यांना कायम "मामा" आणि "तुम्ही" म्हणत.

वहिनींनी त्यांना ओळखलं. आता माइक खाली ठेवायचा, एवढंच करायचं होतं. पण सहाशे डोळे त्यांच्याकडे लागले होते, अध्यक्ष मान डोलावत होते, भाच्यानं कॅमेरा वर उचलला होता आणि वहिनींच्या तोंडाचा पट्टा सुरू झाला होता.

"पुन्हा इथं दिसलास तर पोलिसांत देईन!" त्या म्हणाल्या. "चल, नीघ!"

निळी टोपी सिनेमाच्या कोपऱ्यावरून वळून दिसेनाशी झाली. अध्यक्ष टाळ्या वाजवत पुढं आले. "वहिनी, तुम्ही समितीच्या वाघीण आहात." वाघिणीला त्या क्षणी अध्यक्षांचा प्लास्टिकचा पडदा ओढून त्यांच्या डोक्यात घालावासा वाटला. पण तो राग अध्यक्षांवरचा नव्हता, एवढं कळण्याइतकी अक्कल वहिनींना होती.

दुसऱ्या दिवशी एकही माणूस दुसऱ्यांदा उभा राहिला नाही. धसकाच तसा घेतला होता. वहिनींनी खुर्चीवरून एकेक मनगट तपासलं. रुमाल कुठंच नव्हता. आणि भात चारशे चाळीसाव्या माणसाशी संपला. आदल्या दिवशी संपला होता तिथंच.

चोर हाकलला होता आणि तरी भात संपला होता.

बाकीची भांडी धुवायला नेल्यावर वहिनी कढईपाशी पळी घेऊन बसलेल्या वाढप्याजवळ आल्या. हा चौघांतला सगळ्यात धष्टपुष्ट, तासन् तास उभं राहून त्याचा खांदा आखडला होता.

"काय रे, पळी वाढतोस तेव्हा बास किती जण म्हणतात?"

तो त्यांच्याकडे बघतच राहिला. "बास?"

"हो, बास. आपल्या लग्नात म्हणतात ते."

"वहिनी, इथं कोण बास म्हणणार? इतक्या दिवसांत एकानं म्हटलं नाही. मीच हात आखडता घेतो, नाहीतर तीनशेलाच संपलं असतं. पोरं तर डबा परत पुढं करतात."

वहिनींनी रिकाम्या कढईत पाहिलं. त्यांचा सव्वीस वर्षांचा अंदाज, ज्याच्या जिवावर त्यांनी दुसऱ्या केटररांना मूर्खात काढलं होतं, तो सगळा पोट भरलेल्या माणसांच्या एका शब्दावर उभा होता. भुकेल्या माणसाला त्यांनी कधी वाढलंच नव्हतं. ज्यांना हसण्यात जन्म घालवला, त्या नखरेल, माजलेल्या, अर्धं ताट टाकणाऱ्या लोकांनीच वहिनींना हुशार ठरवलं होतं. आणि जिथं शहाणपण लागणार होतं, तिथं त्यांनी माप सोडून माणसाला चोर ठरवलं.

"सावकाशमामा राहतात कुठं?" त्यांनी विचारलं.

वीस वर्षांनी हा प्रश्न. वाढप्यानं तोंडावर काही दाखवलं नाही, ही त्याची भलाई. "सिनेमाच्या मागची गल्ली. गॅरेजच्या वरची खोली."

वहिनींनी भात, डाळ, भाजी एका पातेल्यात आणि दोन डब्यांत घेतली. हे सगळं त्यांच्या स्वतःच्या ताटासाठी काढून ठेवलेलं. उन्हं उतरायच्या आत त्या गॅरेजचा लोखंडी जिना चढल्या. जिन्याच्या प्रत्येक पायरीवर ग्रीस होतं आणि वरचा उंबरठा मात्र पुसून लख्ख.

मामांनी दार उघडलं. टोपी नव्हती. चेहरा निम्मा झाला होता. त्यांच्यामागे एकच खोली: एक पलंग, पलंगावर पाय लांब करून बसलेली त्यांची बायको, गुडघ्यांना गरम पट्टे बांधलेले. खिडकीच्या कठड्यावर स्टीलचा गोल डबा आणि पितळी झाकणाचा डबा शेजारी शेजारी पालथे घातले होते. कोरडे ठणठणीत.

"या वहिनी," मामा म्हणाले. जणू हॉलचंच दार होतं.

"जेवण आणलंय," वहिनी म्हणाल्या. "भांडं द्या, मामा."

मामांनी गोल डबा आणला आणि दोन्ही हातांनी पुढं धरला. वहिनींनी एक पळी भात वाढला. दुसरी उचलली, तेवढ्यात मामांचा हात डब्यावर आडवा आला.

"बास," ते म्हणाले.

असा आडवा हात वहिनींनी लाख वेळा पाहिला होता. दर वेळी त्यामागं भरलेलं पोट असायचं. ह्या हाताच्या शिरा वर आल्या होत्या.

"मामा, असं काय करता? दोघंजण आहात..."

"हो, दोघं आहोत. तिचे गुडघे गेलेत, तिला दोन तास उभं राहवत नाही. तुमचा नियम, एका माणसाला एकदा आणि ज्यानं त्यानं उभं राहायचं. माणसं दोन होती, उभा राहणारा एक. म्हणून दोनदा उभा राहिलो. टोपी उलटी घातली, ते माझं चुकलं. लाज वाटत होती."

"कोण आलंय हो?" पलंगावरून आवाज आला.

"वहिनी आल्यात."

"त्यांना विचारा, चोराच्या घरी कशा काय आल्या. भोंगा इथपर्यंत ऐकू येतो म्हणावं."

वहिनींनी पळी पातेल्यात ठेवली. "मी ओळखलं नाही हो, मामा. मास्क होता, टोपी होती..."

"आधी ओळखलं नाहीत, ते खरं," मामा म्हणाले. त्यांचा आवाज चढला नव्हता. वीस वर्षांत कुणी तो चढलेला ऐकला नव्हता. "ए म्हणालात, चोर म्हणालात, ते ओळखायच्या आधी. त्याचं मला काही नाही. पण मी मागे सरकलो तेव्हा तुमची नजर माझ्या रुमालावर गेली. मी बघितलं ना. त्यानंतर नीघ म्हणालात. अरे-तुरेनंच म्हणालात."

वहिनींची नजर कठड्यावर पालथ्या राहिलेल्या पितळी झाकणाच्या डब्यावर गेली.

"माफ करा," त्या शेवटी म्हणाल्या.

"इथं ऐकायला कोण आहे, वहिनी? मी आणि ही. तिथं सहाशे होते." मामांनी भात असलेला डबा आत ठेवला, पुन्हा दारात आले आणि तीन पावलं मागे सरकून मगच दार लोटलं.

वहिनी पातेलं घेऊन जिना उतरल्या. आयुष्यभर लोकांच्या उष्ट्या ताटांवरून त्यांनी लोकांची किंमत केली होती. आज एका माणसानं एका पळीवर त्यांची केली.

दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांनी समितीच्या तांदळाची पोती पुढं ओढली आणि आचाऱ्याला सांगितलं, "नऊशेचं."

आचारी दचकला. "वहिनी, नावं सहाशे आहेत."

"मला मोजता येतं. नऊशेचं."

अध्यक्ष धावत आले. धान्याची उधळपट्टी, समितीची धोरणं, देणगीदारांना काय तोंड दाखवायचं, असं बरंच बोलले. वहिनींनी त्यांच्या हातात मोठी पळी दिली आणि म्हणाल्या, "आज फोटोपुरती नको, शेवटपर्यंत धरा. मग मला धोरण सांगा." अध्यक्षांनी अकरा माणसांना वाढलं, कंबर धरली आणि एका महत्त्वाच्या फोनसाठी बाजूला झाले. तो फोन दुपारपर्यंत चालला.

वाढप सुरू व्हायच्या आधी वहिनी त्याच उंच खुर्चीजवळ आल्या, पण बसल्या नाहीत. त्यांनी माइक घेतला.

"ऐका सगळ्यांनी," भोंग्यातून आवाज गेला. "परवा मी एका माणसाला इथं चोर म्हणाले. ते चोर नव्हते. ते माझ्या हॉलमध्ये वीस वर्षं वाढतात. मी त्यांना कामावर बोलावलं नाही, त्यांच्या घरी काय आहे ते विचारलं नाही. ते आजारी बायकोसाठी दुसऱ्यांदा उभे राहिले होते. मला बोलता बोलता कळलं होतं ते कोण आहेत, तरी मी थांबले नाही. अन्न रोज कमी पडत होतं कारण मी कमी रांधत होते. चूक माझी. मी त्यांची सगळ्यांसमोर माफी मागते."

सव्वीस वर्षांत वहिनींनी कुणाची माफी मागितली नव्हती. त्यांना वाटलं, आता रांगेतून काहीतरी उमटेल. कुणी शिव्या देईल, कुणी बरं केलंत म्हणेल.

"बाई, भात गार होतोय," तिसऱ्या गोलातला माणूस म्हणाला.

रांग पुढं सरकली. लोकांना वहिनींच्या मनाशी काही देणंघेणं नव्हतं आणि त्यांचं बरोबरच होतं. एकेक भांडं पुढं येत गेलं. वहिनी स्वतः पळी घेऊन उभ्या राहिल्या आणि भांडं भरेपर्यंत वाढत राहिल्या. ज्यानं "घरी आणखी तिघं आहेत" म्हटलं, त्याला तिघांचं दिलं. त्यातले दोघे तरी नक्की खोटं बोलत होते, ते त्यांच्या डोळ्यांवरून कळत होतं. वहिनींनी त्यांनाही वाढलं, वर मनातल्या मनात दोन शिव्या घातल्या. सवय एका दिवसात जात नाही.

सहाशेवा माणूस भात घेऊन गेला आणि पातेल्यात अन्न उरलं. चांगलं वीतभर. सव्वीस वर्षांत पहिल्यांदा. एरवी हे पाहून वहिनींना तोंड लपवावंसं वाटलं असतं. चौघंही जेवले, भांडी धुवायची वेळ झाली, तरी त्यांनी ते पातेलं हलवू दिलं नाही. झाकण ठेवून, पळी हातात धरून त्या उन्हात उभ्या राहिल्या. गोल रिकामे झाले. चुना पायांनी पुसून पुसून धुरकट झाला होता. भाच्यानं भोंगा उतरवून नेला. वरच्या खिडकीचा पडदा बाजूला झाला, मालकांनी खाली डोकावून पाहिलं आणि पडदा पुन्हा लागला.

सिनेमाच्या कोपऱ्यावर मामा दिसले. टोपी नव्हती. मास्क होता, डाव्या मनगटावर रुमाल होता आणि हातात दोन डबे. रस्ता मोकळा असूनही ते एकेका गोलात थांबत, रांगेत उभे असल्यासारखे पुढं आले. पातेल्यापाशी पोचल्यावर त्यांनी झाकण उचललं, आत पाहिलं आणि वीस वर्षं वहिनींच्या पडद्यामागच्या फुशारक्या ऐकलेल्या त्या माणसानं मान हलवली.

"अंदाज चुकला, वहिनी."

"चुकला, मामा," वहिनी म्हणाल्या. "उद्यापासून कामावर याल?"

"हिला विचारून सांगतो. अजून ती रागात आहे."

"असू दे."

मामांनी पहिला डबा पुढं धरला. वहिनींनी एक पळी वाढली, दुसरी वाढली आणि तिसरीला त्यांचा हात थांबला, नजर मामांच्या हातावर गेली. हात आडवा आला नाही. त्यांनी तिसरी वाढली, चौथी वाढली. डबा शिगोशीग भरला, तेव्हा मामांनी तो रुमालावर घेतला आणि बायकोचा डबा पुढं केला.